विणलेली बाई

तो पिक्चर मी पहिल्यांदा पाहिला तो वडिलांशेजारी बसून, आवाज बंद करून. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि मी खालच्या ओळी वाचून अर्थ सांगायला लागले की ते हात वर करून मला गप्प बसवत. जुना, परदेशी पिक्चर. त्यात माणसांनी हुबेहूब माणसंच बनवलेली, आणि ती खरी वाटावीत म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणी त्यांच्या डोक्यात भरलेल्या. वडील अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरींची नक्षी काढायचे. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. धुरात मिसळलेला पिवळा उजेड, ओल्या रस्त्यावर सांडलेला निळा, हे बघत ते बसून राहत आणि मध्येच पिक्चर थांबवायला लावत.

चादर हातात आली की आमच्याकडे आधी तिचा कोपरा उलटतात. छापील असेल तर मागची बाजू फिकट, जवळजवळ कोरी. विणलेली असेल तर मागंही तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. त्या पिक्चरमध्ये एक बनवलेली बाई आहे. तिच्या चेहऱ्यावर वडिलांनी पिक्चर थांबवायला लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ही छापलेली नाही, विणलेली आहे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तेव्हा म्हणाले ते अर्थात तेलुगूत.

वडील गेल्यावर हे मी एकाच माणसाला सांगितलं, माझ्या मैत्रिणीला. तिला तेलुगूतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मराठी करून सांगितलं. सांगताना रडले. तिनंही डोळे पुसले.

यंदा आमच्या चित्रपट मंडळानं तोच पिक्चर मोठ्या पडद्यावर दाखवला. आधी चार शब्द बोलायला मैत्रीण उभी राहिली. मी पुढंच बसले होते, कौतुकानं बघत. ती म्हणाली, "माझे बाबा हा पिक्चर आवाज बंद करून बघायचे."

मला वाटलं, बोलताना चुकली. पण मग चादरीचा कोपरा आला, छापील आलं, आणि शेवटी ते वाक्यही. तिचे बाबा विम्याच्या ऑफिसात होते. त्यांनी जन्मात चादर उलटली असेल तर ती अंथरूण झटकताना. टाळ्या पडल्या. शेजारच्या काकू नाक पुसत होत्या आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मग दिवे मालवले, तो पिवळा उजेड पडदाभर पसरला, आणि तो इतका देखणा होता की मला त्याचाही राग आला.

पिक्चर संपल्यावर तिला बाहेर गाठलं. म्हटलं, "ते माझे वडील होते."

"अगं, तुझेच की. पण मैत्रिणीचे वडील म्हटलं की लोकांना भिडत नाही. आणि तू कुठं चारचौघांत बोलणार होतीस?" तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो झटकला. खोटारडी आहेस, असं तिला तोंडावर म्हणाले.

"लई मनाला लावून घेतीस बाई," म्हणत ती अभिनंदनाला थांबलेल्या लोकांकडे निघून गेली.

घरी येऊन मी वडिलांना आठवत बसले. निदान माझ्यापाशी तरी ते वाक्य त्यांच्या तोंडचं असावं. त्यांचे ओठ हलताना दिसले, पण शब्द मराठी येत होते आणि आवाज तिचा, माईकवरचा. तेलुगूत ते नेमकं काय म्हणाले होते, ते मला आता आठवत नाही. विचारावं असं घरात कुणी उरलेलं नाही.