भिंतीपलीकडून तीन ठोके

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. वडूजच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी आठवीच्या वर्गात लिंबातून 'रक्त' काढून दाखवायचे, आणि मुलं पुरेशी घाबरली की सुरीला आधीच लावून ठेवलेलं रसायन त्यांच्या नाकासमोर धरायचे. या सदरात छापून येणारे वाचकांचे गूढ अनुभवसुद्धा मी आजवर चुका काढण्यासाठीच वाचत आले. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. हसायचं तर हसा... मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

घटना मागच्या एप्रिलमधली, भर सकाळी अकराची. जागा — पुण्यात, विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रोडवरून आत गेलं की जे नवे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या एकातला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. फ्लॅट माझ्या मुलाचा, अमेयचा. सूनबाईची, ऋताची, रजा संपली आणि नातवाला, ईशानला, सांभाळायला म्हणून मी दिवाळीनंतर वडूजचं घर कुलूपबंद करून इकडे आले.

वडूजचं माझं घर रांगेतलं. माझ्या आणि शेजारच्या हमीदाभाभींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच सामाईक भिंत. त्यांच्या यजमानांचं बांगड्यांचं दुकान. सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले आणि मी घरात एकटी उरले, तेव्हा भाभींनीच पद्धत पाडली. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी लाटण्याने भिंतीवर तीन ठोके द्यायचे. पलीकडून तीन ठोके यायचे. म्हणजे दोघी उठलो, दोघी धड आहोत. एकदा मला सणकून ताप भरला होता आणि ठोके राहिले. सात वाजून दहा मिनिटांनी भाभी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून माझ्या उशाशी हजर!

आता वडूजचं सगळंच गोड होतं असं मुळीच नाही. मोरीत पाय घसरला तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर मी कोमात गेल्याची बातमी. नव्या साडीची किंमत मला कळायच्या आधी आळीला माहीत. मला या चौकशांचा अगदी वीट आला होता. त्यामुळे पुण्यात आले तेव्हा पहिले दोन महिने, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून. कोणी 'कुठं निघालात?' म्हणून विचारत नाही. आमच्या मजल्यावर चार दारं, चारही सदा बंद.

संक्रांतीला मी तिळगुळाची वाटी घेऊन तिन्ही दारांच्या बेल वाजवल्या. एका दारातून उत्तरच आलं नाही. दुसऱ्या दाराला साखळी होती, तिच्या फटीतून एकीने विचारलं, "ऑर्डर कोणाच्या नावावर आहे?" तिसरं दार प्राजक्ताचं, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं. घरूनच काम करणारी तिशीची मुलगी. कानांत ते मोठे हेडफोन. तिने तिळगूळ घेतला, "थँक यू काकू, मी कॉलवर आहे" म्हणाली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी मी अमेयला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आई, इथे असं कोणी कोणाकडे जात नाही गं. लोकांना डिस्टर्ब होतं." बरं बाई, नाही जात.

तर त्या दिवशी अमेय आणि ऋता ऑफिसला गेले होते. ईशान तेव्हा चौदा महिन्यांचा. हॉलमध्ये एसी चालू म्हणून सगळ्या खिडक्या बंद. मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि ईशानची लाळेरी वाळत घालायला ड्राय बाल्कनीत गेले. ही बाल्कनी स्वयंपाकघराला लागून आहे, मध्ये काचेचं सरकतं दार. एका मिनिटाचं काम होतं.

ईशानला ते दार ढकलायचा भारी नाद. तो रांगत आला, दाराला धरून उभा राहिला आणि अंगातला सगळा जोर लावून त्याने दार सरकवलं. खट्! त्या दाराचं लॅच आपोआप बसतं आणि फक्त आतून उघडतं. मी बाहेर, तो आत, फोन हॉलमध्ये. तो काचेवर दोन्ही तळवे टेकून हसत होता. त्याला वाटलं, आजी खेळतेय.

मीही आधी हसलेच. मग त्याच्या मागे, गॅसवर, दूध वर येताना दिसलं.

दूध उतू गेलं. ज्योत फडफडली आणि विझली. बटण मात्र तसंच, उघडं. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून तो वास यायला लागला. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आणि ईशान जमिनीवरच बसला होता, पातेल्यातून ओघळणाऱ्या दुधाकडे बघत. शेजारी फ्रिज. त्याची मोटर मधूनमधून चालू होते, तेव्हा ठिणगी पडू शकते, हेही मला पाठ. इतकं पाठ असल्याचा त्या दिवशी मला राग आला.

काच फोडायचा प्रयत्न केला. प्लास्टिकची बादली आपटली, कोपर मारलं. ती जाड काच ढिम्म हलली नाही. वर भीती, की फुटली तर पोरावर पडेल. "ईशू, बाहेर जा, हॉलमध्ये जा!" म्हणून ओरडले, तर तो आणखी जवळ येऊन बसला. मग ग्रिलला तोंड लावून बोंबलायला लागले. खाली माळी मशीनने गवत कापत होता, त्या घरघरीत माझा आवाज कुठला पोचणार? समोरच्या विंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक गृहस्थ फोनवर बोलत उभे होते. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. त्यांनी वर पाहिलं, हसले... आणि मला हात केला. मग बोलत बोलत आत गेले. इतक्या महिन्यांत या सोसायटीत मला पहिल्यांदा कोणी हात केला, तो असा.

उन्हाने पाय भाजत होते. चार बाय सहाच्या त्या खोक्यात मी नुसती गरगर फिरत होते. मग कपडे वाळत घालायची काठी दिसली. बाल्कनीची एक भिंत प्राजक्ताच्या घराला लागून आहे आणि ती दिवसभर घरीच असते. मी काठीने त्या भिंतीवर ठोकलं. सवयच ती — तीन ठोके पडले.

आणि पलीकडून तीन ठोके आले.

मला रडूच फुटलं. ऐकलं बाई पोरीने! मी पुन्हा तीन मारले. पुन्हा तीन आले, अगदी स्पष्ट. "प्राजक्ता, गॅस! पोर आत आहे! सिक्युरिटीला बोलव!" मी भिंतीला तोंड लावून ओरडले. उत्तर नाही. ठोकलं की ठोके येत होते. माणूस मात्र येत नव्हतं. याच्याइतकं जिवाला लागणारं काही मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. शेवटी तिनाचा हिशेब सुटला आणि मी वेड्यासारखी धडाधड मारतच सुटले. आत ईशान डोळे चोळायला लागला होता. मग तो आडवा झाला. फरशीवर, दुधात.

तेवढ्यात हॉलमध्ये माझा फोन वाजायला लागला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. चार वेळा. त्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही, मी फक्त पोराची छाती वरखाली होतेय का ते बघत होते. मग मुख्य दार उघडल्याचा आवाज आला आणि सिक्युरिटीचा माणूस नाकाला रुमाल लावून धावत आत आला. त्याने आधी ईशानला उचललं, मग गॅस बंद केला आणि मग माझं दार सरकवलं. तो क्रम त्याला कोणी शिकवला होता कोण जाणे. त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

ईशानला उलट्या झाल्या. दवाखान्यात एक रात्र ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत बाहेर काढलंत. आज तो घरभर धावतो आणि ते सरकतं दार आता साखळीने बांधलेलं असतं.

मी समजत होते, प्राजक्ताने कळवलं. दवाखान्यात अमेयला म्हणाले, "तिचे उपकार फेडता यायचे नाहीत." तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आई, मला हमीदाचाचींचा फोन आला होता."

भाभींनी त्याला विचारलं होतं, "बाई वडूजला आल्यात का रं?" तो म्हणाला, नाही, पुण्यातच आहे. तर त्या म्हणाल्या, "मंग फोन का उचलंनात? हितं भिंत वाजतीया." अमेय मीटिंगमधून वैतागून बाहेर आला होता. 'उंदीर असतील चाची' म्हणून तो फोन ठेवणार होता. पण त्या हट्टालाच पेटल्या, आत्ताच्या आत्ता घरात बघ म्हणाल्या. म्हणून त्याने हॉलमधला, ईशानसाठी लावलेला कॅमेरा मोबाइलवर उघडला. हॉल रिकामा. स्वयंपाकघराच्या दारातून फरशीवर पडलेले दोन छोटे पाय दिसत होते. त्याने गेटवर फोन करून दाराच्या डिजिटल लॉकचा नंबर सांगितला.

रात्री मी भाभींना फोन केला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देते. "म्या भाकऱ्या थापत व्हते. तुमच्या भिंतीतनं तीन ठोके आले. मला वाटलं, बाई न कळवता आल्या. म्या उलट तीन दिले. पुन्यांदा तीन आले. म्या पुन्यांदा दिले. आन मंग नुसतं धडाधड. म्हटलं, बाई पडल्या का काय! किल्ली घेऊन कुलूप काढलं, तर आत कोन न्हाई. समदी धूळ. आन भिंत वाजतीया! हात लावला तर थरथरत व्हती बाई, अल्लाची शपथ."

वडूज इथून चार तासांच्या रस्त्यावर आहे.

मी अजून शिक्षिकाच आहे, त्यामुळे कारण शोधायचं सोडलं नाही. उंदीर तीन-तीन मोजून वाजवत नाहीत. नळाचे पाइप त्या भिंतीतून गेलेले नाहीत. पुढच्या महिन्यात जाऊन मी स्वतः भिंत तपासली, पलीकडे कोणाला वाजवायला लावून पाहिलं, पत्रा, कौलं, सगळं बघून आले. माझ्या फोनवर भाभींचा पहिला मिस्ड कॉल अकरा वाजून बारा मिनिटांचा आहे, म्हणजे मी काठी आपटत होते तेव्हाचाच. 'योगायोग' हा शब्द मीच मुलांना शिकवला. पण तो इथे बसत नाही. मी बसवून पाहिला.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर प्राजक्ताचा मेसेज आला होता — 'आठव्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे का? प्लीज वेळ पाळा, कॉलवर त्रास होतो.' म्हणजे आवाज तिला आला होता. तिने उलट ठोके मात्र दिले नव्हते, हे तिने शपथेवर सांगितलं. दोन दिवसांनी ती आमच्या दारात उभी होती. रडवेली, हेडफोन गळ्यात.

"काकू, खरंच मला ड्रिलिंग वाटलं. सॉरी."

माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. म्हटलं, "अगं, मधे एक भिंत! चार तासांवरच्या बाईला कळतं आणि तुला कळत नाही? निदान बेल वाजवायचीस!"

तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? मार्चमध्ये माझे बाबा गेले. दुपारी फोन आला तेव्हा मी घरात एकटीच होते. खूप मोठ्याने रडले मी. तुम्ही घरात होतात ना?"

मी पदराला हात पुसायला लागले.

"तुमचा टीव्ही चालू होता," ती म्हणाली. "मग त्याचा आवाज वाढला."

होते मी घरात. ऐकलं होतं मी. नवरा-बायकोचं काही असेल, आपण कशाला मधे पडा, म्हणून मीच रिमोट उचलला होता. वडूजला असते तर ओल्या हातांनीच धावले असते. पुण्यात येऊन पाच महिने झाले नव्हते मला तेव्हा.

"आत ये," एवढंच म्हणता आलं. ती दहा मिनिटांत कॉल आहे म्हणाली आणि तासभर बसली. बाबांबद्दल बोलत होती. मी ऐकत होते.

त्या भिंतीतून काय गेलं, कसं गेलं, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मी वहीत लिहून घेईन. हमीदाभाभींना हा सगळा प्रकार मी आतापर्यंत दहा वेळा तरी सांगितला असेल. दर वेळी त्या नव्याने ऐकतात आणि 'अल्लाची मेहेरबानी' म्हणतात.

टीव्हीचं तेवढं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.