प्रेशर कुकरचे तीन पैलू

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या मराठी मंडळात दर फेब्रुवारीत वक्तृत्व स्पर्धा होते, आणि दर फेब्रुवारीत मी मागच्या रांगेत बसून चिडत असे. मुलांवर नाही, त्यांच्या आईबापांवर. भाषण आईने लिहायचं, हातवारे बाबांनी बसवायचे आणि सहा वर्षांच्या पोराने मूठ आवळून विचारायचं, "आजच्या तरुण पिढीला झालंय तरी काय?" दोन वर्षांपूर्वी मला हे सहन झालं नाही आणि मी मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलून गेले. आमच्याकडे जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. अध्यक्ष हसून म्हणाले, "मग ताई, या वर्षी तुम्हीच घ्या."

मी घेतली. विषय आयत्या वेळी. डब्यात चिठ्ठ्या, चिठ्ठी उचलायची, एक मिनिट विचार करायचा, तीन मिनिटं बोलायचं. वेळ संपली की मी देवघरातली घंटी वाजवणार, आणि घंटीनंतर बोलेल तो बाद. वयाची अट नाही. विषय मी स्वतः काढले: लिफ्ट, सेफ्टी पिन, उशी, प्रेशर कुकर. शाप की वरदान वगैरे एकही नाही. चिठ्ठ्या करताना मला इतकी मजा येत होती की नवरा म्हणाला, "तू स्पर्धा घेतेयस की सूड?"

त्याच सुमाराला एक मुलगी दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. माझ्या आतेबहिणीची विद्यार्थिनी, परभणीकडची. करोल बागेत एका खोलीत तिघीजणींबरोबर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. लेखी परीक्षा पास झाली होती, मुलाखत तोंडावर आली होती, आणि हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. मुलगी गुणी, कष्टाळू, हुशार. पण एका रविवारी मी सहज विचारलं, "आमटी कशी झालीय गं?" तर ती सरसावून बसली आणि म्हणाली, "काकू, याचे तीन पैलू आहेत. चव, पोषण आणि परवडणं."

मी हसले. ती हसली नाही. मग तिचे डोळेच भरून आले. सराव मुलाखतीत तिला सांगितलं होतं, तुम्ही बोलता ते सगळं बरोबर आहे, पण बोलतंय कोण ते कळत नाही. "मला दुसरं काही बोलताच येत नाही आता," ती म्हणाली. "बाबांशी फोनवर पण असंच बोलते. ते गप्प होतात." मला तिची इतकी काळजी वाटली की मी तिथल्या तिथे तिचं नाव स्पर्धेत घातलं. ती नको नको म्हणत राहिली. मी कुणाचं नको ऐकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सोसायटीचा हॉल भरला. पहिला आला चौथीतला एक गोंडस मुलगा. चिठ्ठी निघाली 'लिफ्ट'. त्याने दुसऱ्या रांगेतल्या आईकडे बघितलं, आईने ओठ हलवले, आणि तो सुटला, "लिफ्ट आपल्याला वर नेते. पण मित्रहो, लिफ्टमध्ये झाडं नसतात! म्हणून झाडं लावा, झाडं जगवा!" पुढे घंटीपर्यंत नुसतं पर्यावरण. त्याच्या मागून आलेल्या मुलीच्या उशीत कापूस होता, कापूस शेतात होता, आणि शेतापाशी पोचल्यावर तीही झाडंच लावायला लागली. पालकांनी आयत्या वेळच्या भाषणाचीसुद्धा तयारी करून घेतली होती! एक भाषण पाठ, विषय कुठलाही निघो, वळण घेऊन तिथेच पोचायचं. मी रागावणार होते, पण मला हसूच आवरेना. हॉलही हसत होता. पाचवं झाड लागलं तेव्हा अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी आपण जंगलात भरवू."

मग त्या मुलीची पाळी आली. चिठ्ठी निघाली 'प्रेशर कुकर'. ती मिनिटभर जमिनीकडे बघत उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "प्रेशर कुकरचे मुख्यतः तीन पैलू आहेत. सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय."

इंधनाची बचत झाली, स्त्रियांचा वेळ वाचला, सरकारी धोरण झालं. वाक्यावाक्याला तिचा आवाज सपाट होत चालला होता आणि तिला ते कळत होतं. हॉलमधले लोक सभ्यपणे ऐकत होते. मध्ये बोलायचं नाही हा नियम मीच केला होता आणि मीच तो मोडला. जागेवरूनच ओरडले, "अगं, तुमच्या घरी कुकर कोण लावतं?"

ती थांबली. "बाबा," ती म्हणाली.

"मग त्यांचं सांग ना!"

ती माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "बाबा बसमध्ये कंडक्टर आहेत. आई अंगणवाडीत, ती सकाळी लवकर जाते. बाबांची ड्युटी दुपारची, म्हणून कुकर त्यांच्याकडे. आमची आणि शेजारच्या काकींची भिंत एकच. त्यांचा कुकर पण त्याच वेळी. शिट्टी झाली की बाबा भिंतीला तोंड लावून ओरडायचे, 'ही कुणाची?' काकी तिकडून सांगायच्या, 'तुमची!' मग बाबा मोजायचे."

हॉलमध्ये खसखस पिकली. तिने दचकून वर बघितलं, आणि तिच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

"एकदा नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं भांडण झालं. बोलणं बंद. आठवडाभर आमच्याकडे भात एकतर कच्चा, नाहीतर करपलेला. शेवटी बाबाच भिंतीपाशी गेले. म्हणाले, 'काकी, भांडण नंतर करू, आधी शिट्टीचं सांगा.' काकी म्हणाल्या, 'आमची पण डाळ करपतेय हो कंडक्टर!'"

लोक पोट धरून हसत होते. ती आता हातवारे करत, बाबांचा आवाज काढत, परभणीच्या बोलीत सुटली होती. भिंतीपलीकडून आलेली डाळीची वाटी, आईचं ओरडणं, सगळं. घड्याळात तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. घंटी माझ्या हातात होती. मी ती पदरात धरून बसले.

परीक्षकांनी घड्याळ बघून तिला बाद केलं, आणि बरोबरच केलं. बक्षीस लिफ्टवाल्या मुलाला गेलं, कारण वेळ पाळणारा तोच एकटा. त्याच्या आईने मला मिठी मारली आणि पुढच्या वर्षीचे विषय आधी व्हॉट्सॲपवर टाकाल का, असं विचारलं.

मुलाखत झाल्या झाल्या त्या मुलीचा बाहेरूनच फोन आला. "काकू, मी पुन्हा 'तीन पैलू' म्हणाले."

"अरे देवा!"

"पण मग मलाच हसू आलं. म्हटलं, सर, माफ करा, परत सांगते. मग सांगितलं. एका प्रश्नाचं उत्तर आलंच नाही, तर तसंच सांगितलं, येत नाही म्हणून." ती इतकी खूष होती की मी निकालाचं विचारायचं विसरूनच गेले.

निकालात तिचं नाव आलं. मी ऑफिसमध्ये रडले, आणि टीममधला एकजण "मॅम, सब ठीक है ना?" म्हणत पाण्याची बाटली घेऊन धावला.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो. "ताई, नोकरी लागली ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण त्या कुकरच्या दिवशी तिचा फोन आला ना, तर ती आमच्यासारखी बोलली. मी हिला म्हटलं, आपली पोरगी आली बघ."

पुढच्या फेब्रुवारीत तिला मंडळाने पाहुणी म्हणून बोलावलं. ती प्रशिक्षणातून रजा काढून आली, आईवडिलांना घेऊन. वडील नव्या शर्टात पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मी घंटी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "जन्मभर तुम्ही घंटी मारलीत तेव्हाच गाडी हलली. आज वेळ तुम्ही बघायची." ते लाजले, पण घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मुलांच्या भाषणांना त्यांनी अशी चोख घंटी मारली की एकाचं झाड अर्धंच लागलं.

शेवटी मी डबा पाहुणीपुढे धरला. लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये ठेवून तिने चिठ्ठी उचलली. 'खिडकीजवळची जागा.'

"या विषयाचे तीन पैलू आहेत," ती म्हणाली आणि वडिलांकडे बघून हसली. मग सांगायला लागली. कॉलेजहून ती वडिलांच्याच बसने परत यायची. खिडकी रिकामी असली तरी ते तिला बसू द्यायचे नाहीत, आधी इतर प्रवासी. शेवटच्या गावाच्या अलीकडे गाडी रिकामी झाली की मग हाक मारायचे, "ये, आता बस खिडकीत."

तीन मिनिटं झाली. चार झाली. अध्यक्षांनी घसा खाकरला. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. घड्याळ मांडीवरून खाली घसरलं होतं, घंटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि ते ऐकत होते.