रघुनाथरावांचा काढा आणि न लागलेलं दही

सौंसरच्या तहसील कचेरीत तीस वर्षं कागदांच्या नकला काढून रघुनाथराव निवृत्त झाले आणि वैद्य झाले. छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. मराठी गाव हिंदी राज्यात राहिलं आणि मुलांच्या शाळा-नोकऱ्यांच्या काळजीत पडलं. रघुनाथरावांनी गावाच्या आतड्यांची काळजी वाहायला घेतली. गावानं तशी विनंती केली नव्हती.

कुठल्याशा मासिकात त्यांनी जंतूंवरच्या लेखाचा पूर्वार्ध वाचला होता. पोटात जंतू असतात, एवढं त्यात होतं. त्यातले बरेचसे आपल्या कामाचे असतात, हे उत्तरार्धात होतं. तो अंक त्यांना मिळाला नाही. त्यांनी शोधलाही नाही. कुड्याची साल, कडुनिंब, काडेचिराईत हंडाभर पाण्यात उकळून ते पेलाभर काढा आटवत.

पहिली रोगी घरातच सापडली. पत्नी वच्छलाबाईंना श्रावणात हगवण लागली. काढ्यानं ती चार दिवसांत थांबली, हे मान्य करायला हवं. पण ‘जंतूंची मुळं राहिलीत’ म्हणून काढा दिवाळी उलटली तरी चालूच. दही-ताक बंद. वच्छलाबाईंना भात पचेना, पोट फुगे, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. बाई अशाच संपणार, हे गल्लीला दिसत होतं. रघुनाथरावांना जंतूंची माघार दिसत होती.

स्वतःच्या पानात मात्र दह्याची वाटी लागे. ती तरी शुद्ध असावी म्हणून त्यांनी विरजण लावताना दुधात दोन पळ्या काढा घालायला सुरुवात केली. तीन दिवस दही लागलं नाही. त्यांनी दूधवालीला दारातच गाठलं.

“केसरबाई, पाणी टाकून राहिली का तू दुधात?”

“तोंड सांभाळा, बाबूजी! साऱ्या गल्लीत माह्याच दुधाचं दही लागून राहिलं. तुमच्याच घरी काहून नाही लागत?”

तिनं तिथंच दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत दूध तेच, विरजण तेच. एकीत रघुनाथरावांच्या दोन पळ्या. सकाळी येऊन तिनं साधी वाटी उपडी धरली. दही हललं नाही. दुसरीतलं दूध पाण्यासारखं वाहिलं.

“पाहिलं?” रघुनाथराव उजळले. “एक जंतू वाचला नाही!” आणि ती वाटी दाखवायला ते गल्लीभर फिरले.

वच्छलाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. “वाटीत दही लागू देत नाही, तो काढा माह्या पोटात काय ठेवत असन वं, केसर?”

“काय ठेवते? तुमाले ठेवते का तेच पाहा, वैनी.”

त्या दिवसापासून काढा मोरीत जाऊ लागला. रघुनाथराव आंघोळीला बसले की केसरबाई मागच्या दारानं ताकाचा गडू देई. संक्रांतीला बांगड्या मनगटावर परत आल्या.

रघुनाथरावांनी ताबडतोब भोपाळला हिंदीत अर्ज लिहिला, की काढ्यानं पत्नी वाचली, सबब त्याला सरकारी मान्यता मिळावी. खाली रोग्याची सही हवी होती.

“औषध केसरनं देल्लं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “अंगठा तिचा घ्या.” आणि त्या ताक घुसळायला निघून गेल्या.

रघुनाथरावांनी टाक उचलला आणि बायकोची सही स्वतःच केली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मूळ कागदाशिवाय एकही नक्कल काढली नव्हती. ही पहिली.