नोंग पोलिकार्पोंचे बहात्तर वेढे

फिलिपिन्समधल्या मियागाओच्या बाजारामागे, सुक्या मासळीची दुकाने जिथे संपतात तिथे, आमचे नोंग, म्हणजे दादा, पोलिकार्पो चाळीस वर्षे जळालेले पंखे पुन्हा फिरते करीत आले आहेत. जळकी तार उतरवायची आणि नवी चढवायची, एवढाच त्यांचा व्यवसाय. पंख्याच्या शेकडो वेढ्यांसाठी त्यांच्याजवळ हाताने फिरवायचे यंत्र आहे. परंतु मोजक्या वेढ्यांचे नाजूक काम ते बोटांनी करतात, आणि तेव्हा आकडे मोजीत नाहीत. एका वेढ्याला एक ‘नमो मारिया’ ही प्रार्थना, दहा वेढ्यांना जपमाळेचे एक दशक, आणि दशक पुरे झाले की डब्यात एक चिंचोका.

या पद्धतीमागे श्रद्धा आहे, तसा व्यवहारही आहे. आकडे मोजणाऱ्याला येणारा-जाणारा भाव विचारतो आणि मोजणी मोडते. जप करणाऱ्याला मात्र बाजारातला मासळीवालाही अडवीत नाही.

गेल्या ऑक्टोबरात नांग, म्हणजे ताई, सोलेदाद त्यांच्याकडे टॉवेलात गुंडाळलेला एक जुना संगणक घेऊन आल्या. त्यांचे यजमान देमेत्रिओ गावच्या बँडसाठी संचलनगीते रचीत, ती अशाच एका जपानी यंत्रावर. आणि ती साठवीत साध्या कॅसेटवर. यंत्र एका तुफानाच्या पुरात गेले, पाठोपाठ देमेत्रिओही गेले. मागे उरली एक कॅसेट. ती टेपवर लावली की नुसती किंचाळे; तिच्यातले गीत फक्त तसल्या यंत्रालाच वाचता येई. अकरा दिवसांनी वर्ष पुरे होऊन नांग सोलेदाद काळे कपडे उतरवणार होत्या, आणि त्या दिवशी बँडने देमेत्रिओंचे शेवटचे गीत वाजवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. जपानहून येणाऱ्या जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना तसलेच यंत्र दिसले. त्याला वीज पुरवणारा ॲडाप्टर तेवढा सोबत नव्हता.

“दुकानदाराने हा दुसरा दिलाय, नऊ व्होल्टचा,” नांग म्हणाल्या. “लावला. लाल दिवा लागतो, टीव्हीवर काही येत नाही. गेलंय का हो?”

“दिवा लागतोय म्हणजे गेलं नाही. अर्धंच जेवलंय,” नोंग म्हणाले.

यंत्राच्या पोटावरचे लेबल झिजले होते. नऊचा आकडा वाचता येत होता. त्यापुढची खूण सरळ रेघेची की लाटेची, म्हणजे वीज एका दिशेची की उलटसुलट वाहणारी, ते मात्र पुसले गेले होते. नोंगनी स्क्रू काढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाच्या गांभीर्याने ते आत पाहत बसले.

“हे बघा नांग. वीज आत शिरते तिथेच दोन डायोड आहेत, एकमेकांकडे पाठ करून. एक जाणारी लाट धरतो, दुसरा येणारी. याला लाटेची वीज पाहिजे. तुम्ही सरळ दिलीत, म्हणून एकच जेवला, दुसरा उपाशी.”

“माझ्या दोन दिरांसारखे,” नांग म्हणाल्या.

वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर सोळा व्होल्ट लिहिलेले होते. त्याच्या वर चढले की तो फुटणार, आणि अशा यंत्राचे सुटे भाग आता कुठे मिळणार? “एकदाच संधी आहे,” नोंग म्हणाले.

नोंगनी एका मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर सोडवला. त्याची बारा व्होल्टची बाजू उलगडली तेव्हा शहाण्णव वेढे निघाले. म्हणजे व्होल्टला आठ, नऊ व्होल्टला बहात्तर. सात दशके आणि वर दोन. त्यांनी नवी तार घेतली, क्रुसाची खूण केली आणि जप आरंभिला.

जप ऐकून नांग सोलेदादचे हात आपोआप जुळले. ऑक्टोबर हा जपमाळेचाच महिना. अर्धी प्रार्थना नोंग म्हणत, उरलेली त्या; दशक पुरे झाले की त्याच खुणेने सांगत, मग नोंग चिंचोका टाकीत. त्या शांत, एकसुरी स्वरांत तांबे चढत गेले.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या लोखंडी पत्र्या परत बसवून नोंगनी मीटर लावला. जवळजवळ दहा!

“सात चिंचोके आहेत, वर दोन,” ते पुन्हा पुन्हा डब्यात पाहू लागले. “चुकलं कुठे?”

“चुकेल कसं? मी बरोबर म्हणत होते,” नांग अभिमानाने म्हणाल्या. “प्रत्येक दशकामागे एक जास्तीची देमेत्रिओसाठी म्हटली ना आपण!”

नोंगनी डबा खाली ठेवला. “म्हणजे माझं दशक अकराचं झालं. सात जास्त.”

“मग असू देत की.”

“यंत्र जुनं आहे. कधी लाइनचा दाब वाढला तर कपॅसिटर जाईल. सात वेढे काढावे लागतील.”

“मुळीच नाही! माझ्या नवऱ्यासाठी केलेला जप उलटा फिरवणार तुम्ही? लाज नाही वाटत?”

“अहो नांग, जप केव्हाच वर पोचला. इथं उरलंय ते नुसतं तांबं.”

नांगनी डब्यातला एक चिंचोका बोटांत फिरवला. “देमेत्रिओ असता तर सगळेच काढ म्हणाला असता,” त्या शेवटी पुटपुटल्या. “त्याला प्रार्थनेचा कंटाळाच होता. काढा. पण मी मोजणार, आणि आकड्यांनी मोजणार.”

पत्र्या पुन्हा सुटल्या. नांगनी मोठ्याने सात मोजले. मीटर नऊवर थांबला.

यंत्र सुरू झाले तेव्हा दुकानातल्या टीव्हीचा पडदा स्वच्छ निळा झाला. नोंगनी टेप यंत्राला जोडला; कॅसेट चार मिनिटे किंचाळली. दोघांपैकी कुणी हलले नाही. मग तीन बारीक, किरट्या आवाजांत संचलनगीत सुरू झाले.

“नोंग, ऐकताय ना?”

“ऐकतोय. तापत नाहीये,” नोंग म्हणाले. त्यांचा तळहात ट्रान्सफॉर्मरवर होता.

नांग सोलेदाद डोळे पुसत हसू लागल्या. “तिसऱ्या ओळीत बघा कसा घाईला आलाय! जेवायला हाक मारली असेल मी.” आणि लगेच चपला पायांत सरकवीत म्हणाल्या, “मी बँडमास्तरला ट्रायसिकल रिक्षाने घेऊन येते, त्याला सुरावली उतरवून घेऊ दे. तोवर बंद करायचं नाही हं! हात काढायचा नाही!”

बँडमास्तर पलीकडच्या गावी लग्नात वाजवायला गेला होता. तो येईपर्यंत अडीच तास नोंग पोलिकार्पो तसेच बसून होते. पंखे घेऊन आलेली गिऱ्हाइके दारात थबकली, ते किरटे गीत पुन्हा पुन्हा ऐकू लागली, आणि चौथ्या आवर्तनाला मासळीवाल्याने ताल धरला.