भुई सरकारची, भिंती एनरच्या

आयडाहोतल्या त्या तळ्याकाठी एक शब्द तोंडातून काढायचा नाही, ही एनर लोफ्थसला बापाची शिकवण. तो शब्द म्हणजे 'घर'. भुई जंगलखात्याची, वर उभारलेली ओंडक्यांची केबिन तेवढी आपली. खात्याच्या परवान्यावर सुट्टीपुरतं यायचं, दरसाल फी भरायची, कायमचं राहायचं नाही. "सायेब दिसला की केबिन म्हनायचं. घर म्हनलास की बिऱ्हाड उठलं समज," म्हातारा बजावायचा. शेजारच्या केबिनीतली डॉट किम्झी तर स्वयंपाकघराला 'चुलीची बाजू' म्हणायची.

एनरनं उभा जन्म लाकूड कापायच्या गिरणीत काढला. बायको, मार्वा, गेल्यावर ओसरीवर बसून तळ्यातले ट्राऊट मासे साफ करायचे, एवढीच चैन उरली.

एका उन्हाळ्यात जागेची किंमत ठरवणारा खात्याचा माणूस आला. केबिनकडे पाठ करून तळ्याकडे बघत राहिला.

"अवो, घ... केबिन हिकडं हाय!"

"केबिन नाहीच असं धरायचं असतं. किंमत मोकळ्या जागेची."

पल्याडच्या काठाला खाजगी जमिनीवर धनवानांचे बंगले झाले होते. त्यांचा भाव एनरच्या भुईला लागला, आणि त्या भावावर फी. गिरणीच्या पेन्शनीत ती मावेना. विकावी तर एवढ्या फीची केबिन घेतो कोण? सोडावी तर मार्वाचा कोट अजून खुंटीवर. शेवटी एनरनं गावातलं राहतं घर विकलं, फी भरली आणि ट्रंक घेऊन केबिनीत आला.

डॉटनं कपाळावर हात मारला. "अक्कल करवतीखाली गेली का रं? हिवाळाभर धूर दिसंल! कुनी इचारलं तर सांग, भाचीकडं बॉइसीला ऱ्हातो. हितं निस्ता चार दिस आलोय."

"सांगीन की."

तळं गोठलं आणि धूर दिसलाच. पायात स्की बांधून बर्फावरून घसरत टेसा आली. जंगलखात्याची अधिकारी, पण एनरच्या गिरणीतल्या सोबत्याची पोर. तिथल्याच भुशात खेळलेली. एनरनं कॉफी ओतली. तिनं खोलीभर नजर फिरवली. औषधांच्या बाटल्या, टपालाचा ढीग, भिंतीवर लग्नाचा फोटो.

"मग काका, घरी कधी जाणार?" तिनं विचारलं. बॉइसी म्हणायला वाट करून दिली होती तिनं.

"घरीच तर हाय की, पोरी." कॉफीच्या नादात तोंडातून निघून गेलं.

टेसाचा कप तोंडाशीच थांबला. "मला नीट ऐकू नाही आलं, काका. परत सांगा."

एनरला कळलं, पोर दार उघडं धरून उभी आहे. बॉइसी हा शब्द जिभेवर आलाही. पण भिंतीवरून मार्वा बघत होती.

"दुसरं घर व्हतं गं. ते तुज्या खात्याच्या फीत गेलं."

टेसानं कप खाली ठेवला, वही काढली. मग तिला लिहावं लागलं ते तिनं लिहिलं.

परवाना गेला. केबिन काढून जागा पहिल्यासारखी मोकळी करून द्यायची होती. बर्फ वितळल्यावर एनरनं बापाचे ओंडके एकेक करून उतरवले. डॉटचा पुतण्या ते जळणाला घेऊन गेला. पायाचे दगडसुद्धा उकरून काढायचे होते, तेही काढले. डॉट कुंपणाशी उभी होती. शेवटी खात्यानं दिलेलं गवताचं बी एनरनं चुलीच्या जागेवर स्वतःच्या हातानं फेकलं.

टेसा पाहणीला आली. जमीन चालून बघितली. "झालं," ती हळूच म्हणाली, "इथं काही होतं असं वाटतसुद्धा नाही."

बॉइसीला भाचीनं तळघरात खाट टाकून ठेवली होती. मार्वाचा कोट मांडीवर घेऊन एनर टेसाच्या गाडीत बसला.

"चला काका, सोडते तुम्हाला घ..." ती अडखळली.

एनरनं दार ओढून घेतलं.

"म्हन की," तो म्हणाला. "आता कुनाला भ्यायचं?"