मयताची टोपली

मंगळवारी आईचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी ती घरी आली.

त्याआधी, माझं वय जेवढं तेवढी वर्षं, आई घराबाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नसे. माझ्या जन्माच्या वेळी तिला खोल फाटलं होतं. गुदद्वाराभोवतीचा स्नायू तुटला आणि तो कुणी नीट शिवला नाही. शौचाची घाई झाली की तिला थांबवता येत नसे, आणि खोकला आला तरी लघवी सुटे. जुन्या साडीच्या घड्या, वेगळं धुणं, लग्नात दाराजवळची खुर्ची. लहानपणी मला हा आईचा स्वभाव वाटायचा.

आमचं घर फुलांचं. शेतातला झेंडू, शेवंती, निशिगंध घरी यायचा आणि हार होऊन पंचवटीतल्या आमच्या गाळ्यावर जायचा. घरात टोपल्या दोन, एक देवाची आणि एक मयताची. देवाचा हार करताना सुईत ओवायच्या दोऱ्याचं टोकसुद्धा ओठांनी ओलं करायचं नाही, वाटीतल्या पाण्यात बुडवायचं.

"वहिनी, तुम्ही आपले मयताचे करा. तिथं कोण तपासायला बसलंय?" वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, हसत म्हणायची. वडील शेजारीच फुलं निवडत असत. आई मयताची टोपली ओढून घ्यायची.

मी शाळेत असताना वडील तिला एकदा डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. स्नायू शिवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. जखम स्वच्छ राहावी म्हणून कदाचित काही आठवडे पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागेल, असंही म्हणाले. घरी फक्त पिशवीची गोष्ट पोचली.

"पोटावर घाण घेऊन बाई घरात वावरणार? अन् देव्हाऱ्याचं काय करायचं?" आत्या म्हणाली.

"बाळंतपणानंतर हे चालायचंच," वडील म्हणाले. ज्यांना रोज कापड बदलावं लागत नव्हतं, त्यांनी विषय मिटवला. आईला कुणी विचारलं नाही.

मला ग्रंथालयात नोकरी लागल्यावर मी तिला एका सर्जनबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्नायूची तुटलेली टोकं शोधायची, एकावर एक आणून शिवायची. लघवीच्या नळीखाली आधाराला एक पट्टी घालायची. पिशवीची गरज नव्हती.

"अगदी पहिल्यासारखं होईल असं नाही सांगत. पण धरून ठेवता येईल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं का काढलीत, मावशी?"

"आमच्याकडं नणंद डॉक्टर हाय ना," आई म्हणाली.

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

टाके भरून आल्यावर एका सकाळी आई तांब्याभर पाणी प्यायली आणि तिने देवाची टोपली स्वतःकडे ओढली.

"शास्त्रात बसतं का हे?" आत्याने विचारलं.

"टाके बसलेत. शास्त्राचं तुम्ही बघा," आई म्हणाली आणि तिने दोऱ्याचं टोक वाटीत बुडवलं.

पुढच्या थंडीत हृदय बंद पडून ती गेली. लोक म्हणाले, समाधानाने गेली. ते समाधान एका वर्षाचं होतं. बाकीची वर्षं कुणी घेतली, हे त्यांनी विचारलं नाही. ती घेणारी माणसं आमच्या ओसरीवरच रडत बसली होती.

आत्या देवाच्या टोपलीतला हार घेऊन आली. "वहिनी देवमाणूस होती गं. हाच घालू तिला."

"मयताच्या टोपलीतला घाला," मी म्हणाले. "तिला तीच दिली होती तुम्ही."

आत्याने हार परत ठेवला. आईच्या गळ्यात मयताच्या टोपलीतला हार गेला.

आत्या आता दोन्ही टोपल्यांचे हार करते. आईची सुई माझ्याकडे आहे. मी आत्याशी बोलत नाही.