साडेपाच तासांचं खोटं

दवाखान्याच्या कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक बारकी खोली होती. तिथे संगणक सांभाळणाऱ्या ताई सतरा वर्षं बसत होत्या. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं तरी खुर्चीवर चढून ते लावायच्या, म्हणून लोक म्हणत, "आल्या बघा वेळेच्या सासूबाई!" हसोत बापडे. जिथे औषधं तासावर द्यायची, तिथे वेळेची काळजी करणारं एक माणूस निघालं, तर तेही यांच्या डोळ्यांत खुपावं!

चार महिन्यांपूर्वी औषधांच्या नोंदीसाठी नवा संगणक आला. असला संगणक आतल्या आत साऱ्या जगाची एकच वेळ मोजतो. आपला टाइम झोन कुठला, हे त्याला एकदा सांगितलं की इथली वेळ तो आपणहून दाखवतो. एका ओळीचं काम! पण सांगायचंच राहिलं, आणि पडद्यावरचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागलं. मग व्यवस्थापक साहेबांनी काय करावं? कारकुनाला बसवून घड्याळच साडेपाच तास पुढे ढकललं.

"साहेब, घड्याळ ढकलू नका, टाइम झोन लावा," ताई म्हणाल्या. "नेटवर्कवरून खरी वेळ मिळाली की हे पुन्हा मागे जाणार."

"बाई, आत्ता बरोबर दिसतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ घालू नका. आणि माझ्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही."

ताईंनी अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. पालथ्या घड्यावर पाणी! घरी त्या धुमसत बसल्या की शिंपीकाम करणारा नवरा म्हणायचा, "अगं, बाही आखूड झाली म्हणून गिऱ्हाइकाचा हात कापणारी माणसं ही. कशाला रक्त आटवतेस?"

नेटवर्क जोडलं आणि व्हायचं तेच झालं. घड्याळ साडेपाच तास मागे गेलं. कारकून पुढे ढकलायचा, ते परत मागे यायचं. त्याच दिवसांत मुलांच्या वॉर्डात एका पोराच्या अंगावर औषधानं पुरळ उठलं. संध्याकाळी ते बसलंही, पण बापानं तक्रार केली आणि कागद निघाले. डॉक्टरांनी औषध लिहिलं दहा वाजता, ते त्यांच्या वेगळ्या संगणकावर. सिस्टरनं इंजेक्शन दिल्याची नोंद पहाटे पाचची. झालं! सिस्टरनं डॉक्टरांना न विचारता औषध टोचलं म्हणे. सव्वीस वर्षं नर्सचं काम निष्ठेनं केलेल्या बाईचा परवानाच जायची वेळ आली.

चौकशीला ताईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या दार ढकलून आत शिरल्या आणि त्यांनी टेबलावरचा दाखल झालेल्यांचा हाती लिहिलेला कागद उचलला.

"पोरगं दवाखान्यात आलं साडेनऊला. मग सिस्टरनं पाचला इंजेक्शन काय त्याच्या घरी जाऊन दिलं? एवढं तरी वाचायचं होतं, साहेब!"

साहेब घाम पुसत म्हणाले, "बरं, बरं. करा काय ते."

ताई त्या संगणकापाशी बसल्या. एक ओळ टाइप केली, नोंदींचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. एका मिनिटात सगळ्यांच्या देखत पाचचे साडेदहा झाले.

"चला, तांत्रिक अडचण होती. मिटलं," साहेब फाईल बंद करत म्हणाले. अडचण म्हणे! ना माफी, ना लाज.

ताई रागानं लाल होऊन सिस्टरला बाहेर घेऊन आल्या. "बघितलंत ना सिस्टर? चार महिने ओरडतेय मी. तीन अर्ज दिले, तीन! एका मिनिटाचं काम होतं, पण या माणसानं करू दिलं नाही."

सिस्टर बाकावर बसल्या.

"पासवर्ड कुणाकडे होता गं?"

"माझ्याकडे."

"मी माझ्या वॉर्डात परवानगीची वाट बघत बसले असते, तर किती पोरं गेली असती, माहीत आहे?"

ताईंनी तोंड उघडलं. साहेबांसाठी सकाळपासून साठवलेले शब्द सगळे होते. सिस्टरसाठी एकही नव्हता.